आवळलेली पट्टी: हाडवैद्य, मोडलेला हात आणि काही तासांचा इतिहास

१/२६
मालवण तालुक्यातील कट्टा हे कसाल–मालवण रस्त्यावरचे गाव. भोवताली माड, पोफळी, आंबा, काजू आणि जांभ्या दगडाच्या खाणी. या पट्ट्यात झाडावर चढणे ही उपजीविका आहे. त्यामुळे झाडावरून पडणे हाही येथला जुनाच अपघात. मोडलेले हाड घेऊन माणसे पूर्वी कोणाकडे जात, त्या उपचारात धोका नेमका कुठे दडलेला होता आणि तो आजही का टळलेला नाही, याचा हा इतिहास.

२/२६
महाराष्ट्रात या कारागिराला हाडवैद्य म्हणतात. पुष्कळ ठिकाणी तो पूर्णवेळ वैद्य नसे. शेती, मासेमारी किंवा अन्य काम करून, वडिलांकडून किंवा मामाकडून हाती आलेली ही विद्या तो चालवी. घाटावर हेच काम अनेकदा तालमीतील वस्तादाकडे असे. कुस्तीत निखळलेला खांदा तो हौद्याच्या काठावरच बसवी. मोबदला ठरलेला नसे. नारळ, धान्य, इच्छेनुसार दक्षिणा. पैशाची सक्ती नसलेल्या उपचारावर लोकांचा विश्वास लवकर बसतो.

३/२६
पद्धत साधारण सर्वत्र सारखी. बोटांनी चाचपून मोड कुठे आहे ते ओळखायचे, अवयव ताणून हाड जागी आणायचे, वनस्पतींचा लेप लावायचा, त्यावर बांबूच्या कामट्या ठेवून कापडाची पट्टी घट्ट गुंडाळायची. काही दिवसांनी पट्टी सोडून तेलाने चोळायचे व पुन्हा बांधायचे. यातील ताणणे, आधार देणे आणि स्थिर ठेवणे या तीन गोष्टी आधुनिक अस्थिशास्त्रातही आहेत. धोका उरलेल्या दोन शब्दांत आहे: ‘घट्ट’ आणि ‘चोळणे’.

४/२६
हाडवैद्याकडे लोक केवळ श्रद्धेने जात नसत. अंतर हेही कारण होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा स्थापन होईपर्यंत मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. पणजीचे वैद्यकीय विद्यालय १८४२ पासून, मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ पासून आणि डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिरजेचे रुग्णालय १८९४ पासून चालू होते. पण पणजीला जायचे तर परक्या राज्याची सरहद्द, मिरजेला जायचे तर सह्याद्री, आणि मुंबईला जायचे तर बोट.

५/२६
ती बोटही पावसाळ्यात बंद. आणि कोकणात पाय घसरण्याचे, फांदी मोडण्याचे, शेवाळलेल्या बांधावरून पडण्याचे दिवस नेमके पावसाळ्याचेच. मोडलेला पाय घेऊन डोलीतून घाट चढणे किंवा शेजारच्या वाडीतील हाडवैद्याला बोलावणे, एवढाच पर्याय समोर असेल तेव्हा कोणीही दुसराच निवडील. त्या काळच्या माणसांना अडाणी म्हणणे सोपे आहे. त्यांच्या जागी उभे राहून दुसरा मार्ग दाखवणे अवघड आहे.

६/२६
विश्वासाचे दुसरे कारण हाडाच्या स्वभावात आहे. मोडलेले हाड स्वतःहून जुळते. मोडीभोवती रक्त साकळते, त्यातून मऊ ऊती तयार होते, पुढे तिच्यात चुना भरून ती कठीण होते. तुकडे फार सरकलेले नसतील, कातडी फाटलेली नसेल आणि अवयव काही आठवडे स्थिर राहिला, तर बहुतेक साधे मोड कोणत्याही लेपाने, किंवा लेपावाचूनही, सांधतात. काम निसर्ग करतो; यश मात्र बांधणाऱ्या हाताच्या नावावर जमा होते.

७/२६
यातून हिशेबात एक फसगत होते. बरा झालेला रोगी गावातच राहतो, माडावर पुन्हा चढतो आणि हाडवैद्याची चालती-बोलती जाहिरात ठरतो. ज्याचा हात काळा पडला, तो मात्र दूरच्या रुग्णालयात जातो. तेथे हात कापावा लागला की गावातील स्मरणात ‘डॉक्टरांनी हात कापला’ एवढेच उरते. यश गावात मोजले जाते, अपयश दुसऱ्याच गावात. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अनुभव साठूनही धोका अनुभवातून उमगत नाही.

८/२६
ही विद्या भारतात ग्रंथबद्ध नव्हती असे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पंधरावा अध्याय अस्थिभंगाचे निदान सांगतो आणि चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय उपचार. या ग्रंथाचे काठमांडू येथील एक हस्तलिखित इ. स. ८७८ चे आहे. ग्रंथ त्याहून बराच जुना. विसाव्या शतकात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काढलेली त्याची संपादित आवृत्ती अभ्यासकांत प्रमाण मानली गेली.

९/२६
सुश्रुत प्रथम दोन भाग पाडतो: सांधा निखळणे आणि हाड मोडणे. निखळण्याचे सहा प्रकार, मोडण्याचे बारा. नावे चित्रासारखी आहेत. मध्ये उचललेला मोड ‘कर्कटक’ म्हणजे खेकड्यासारखा. एक टोक वर आलेला ‘अश्वकर्ण’ म्हणजे घोड्याच्या कानासारखा. चुरा झालेला ‘चूर्णित’. आणि मुलांच्या कोवळ्या हाडासारखे न तुटता वाकलेले ते ‘वक्र’. क्ष-किरणांविना, केवळ हाताने आणि डोळ्याने केलेले हे वर्गीकरण आहे.

१०/२६
उपचाराचा क्रमही स्पष्ट आहे. खाली दबलेले हाड वर उचलावे, वर आलेले दाबावे, एकावर एक चढलेली टोके ताणावीत आणि मग बांधावे. आधारासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि वेळू सांगितला आहे. या आधारपट्ट्यांना तेथे ‘कुश’ हा शब्द आहे. मांडी किंवा पिंढरी मोडली तर रोग्याला फळीवर निजवून पाच खुंट्यांच्या आधाराने हलू न देण्याची योजना आहे. तिचे नाव ‘कपाटशयन’.

११/२६
आता मुख्य मुद्दा. पट्टी किती घट्ट असावी, याबद्दल सुश्रुत निःसंदिग्ध आहे. सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही. फार आवळली तर सूज, वेदना येतात आणि कातडी पिकते. म्हणून बंध मध्यम असावा. तो बदलण्याचे वेळापत्रकही ऋतूनुसार दिले आहे: थंड काळात सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. आवळलेल्या पट्टीचा धोका प्राचीन वैद्याला ठाऊक होता.

१२/२६
मर्यादाही ठाऊक होत्या. फुटलेली कवटी, कंबरेच्या हाडांचा काही प्रकारचा भंग आणि चेंगरलेले कटिअस्थी यांना हात लावू नये, असे हाच ग्रंथ सांगतो. मोड पिकू नये म्हणून सर्व प्रयत्न करावेत, कारण मांस, शिरा व स्नायू पिकले की उपचार कठीण होतो, हा इशारा आहे. हाड जुळण्यास तरुणपणी एक महिना, मध्यम वयात दोन, उतारवयात तीन, हा अंदाजही. आणि हाड वाकडे जुळले तर पुन्हा मोडून बसवावे, हा धीट सल्लाही.

१३/२६
मग या ज्ञानाचे पुढे झाले काय? ग्रंथ संस्कृतात राहिला. तो वाचणारा वैद्य हळूहळू नाडी आणि औषध यांपुरता उरला. हाताने करण्याचे काम निरक्षर कारागिरांकडे गेले. त्यांच्याकडे कृती पोहोचली. वेळूच्या कामट्या पोहोचल्या. ‘मध्यम’ बांधण्याचा नियम, पट्टी ठरल्या दिवशी सोडून पाहण्याची शिस्त आणि ‘येथे हात लावू नये’ ही यादी मात्र प्रत्येक घराण्यात सारखी पोहोचली नाही. कृती टिकली, सावधगिरी गळाली.

१४/२६
कारागिरांचे कसब कमी नव्हते. पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्यातच त्याचा जगप्रसिद्ध दाखला आहे. टिपूविरुद्धच्या युद्धात कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक कापले गेले होते. वीटकाम करणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याच्या कपाळाच्या कातडीतून नवे नाक घडवले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यचिकित्सकांनी ते पाहिले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचे वर्णन छापून आले. युरोपातील नासिकाशस्त्रक्रियेला त्यातून नवी चालना मिळाली.

१५/२६
पण नाक आणि हाड यांत एक मूलभूत फरक आहे. नाकाची कातडी डोळ्यांसमोर असते. ती फिकट पडली, काळवंडली तर कारागिराला लगेच दिसते आणि तो हात सुधारतो. मोडलेल्या हाडाभोवती स्नायू, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, आणि त्यांवर लेप, कामट्या व पट्टी यांचे झाकण असते. आत काय बिघडते आहे ते कोणालाच दिसत नाही. कौशल्य तेवढेच असले तरी चूक कळण्याची सोय येथे नाही.

१६/२६
ही आतली घडामोड जर्मनीतील हाले येथील शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमन यांनी १८८१ साली मांडली. हात मोडल्यावर घट्ट बांधलेल्या रोग्यांची बोटे पुढे पंज्यासारखी आत वळतात आणि सरळ होत नाहीत. तोवर हा दोष मज्जातंतूंचा मानला जाई. फोल्कमन यांनी सांगितले की आवळलेल्या पट्टीमुळे स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, स्नायू मरतात आणि आक्रसून घट्ट होतात. ही विकृती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१७/२६
प्रक्रिया अशी. हाड मोडले की भोवती सूज येते. ती पहिल्या एक-दोन दिवसांत वाढतच जाते. अपघातानंतर लगेच बेताची वाटलेली पट्टी त्याच रात्री फास बनते. पट्टी आणि कामट्या ताणत नाहीत, म्हणून आतला दाब वाढतो. प्रथम बारीक वाहिन्यांतील रक्त थांबते. रक्ताविना स्नायू सुमारे सहा तास तग धरतो. त्यापुढची हानी बहुधा भरून येत नाही. आठवड्याने पट्टी बदलायला येणाऱ्याला हे तास सापडत नाहीत.

१८/२६
सर्वाधिक धोका मुलांना. पेरूच्या किंवा आंब्याच्या झाडावरून मूल हात पुढे करून पडते आणि कोपराच्या जरा वर दंडाचे हाड मोडते. मुख्य रक्तवाहिनी नेमकी त्याच जागेच्या पुढून जाते. हाडाचे टोक तिला टोचू किंवा दाबू शकते. त्यावर कोपर वाकवून घट्ट बांधले तर दोन्ही बाजूंनी कोंडी होते. मूल रात्रभर रडते, घरचे समजूत घालतात की हाड बसताना दुखणारच. सकाळी रडणे थांबते, कारण हात बधिर झालेला असतो.

१९/२६
ते थांबलेले रडणे आराम नसतो. आवळलेल्या अवयवाची लक्षणे वैद्यक आज अशी सांगते: न थांबणारी, वाढत जाणारी वेदना, बोटे हळूच सरळ केली तरी असह्य कळ, फिकट किंवा निळसर बोटे, मुंग्या, बधिरपणा, शेवटी बोटे हलेनाशी होणे. नाडी लागत असली तरी धोका असू शकतो. यांतले पहिलेच लक्षण दिसताच पट्टी पूर्ण सोडून तातडीने रुग्णालय गाठणे, हाच उपाय. येथे सकाळपर्यंत थांबण्याची किंमत हातच असू शकते.

२०/२६
दुसरा धोका चोळण्याचा. कोपराला इजा झाल्यावर जोराने मालीश केले किंवा सांधा बळाने वाकवला, तर दुखावलेल्या स्नायूतच हाड तयार होऊ लागते आणि कोपर कायमचा आखडतो. म्हणूनच भारतीय अस्थिरोगतज्ज्ञ कोपराच्या मालिशीबद्दल विशेष बजावून सांगतात. वृद्धांच्या खुब्याचे हाड मोडले असता ते ‘मुका मार’ समजून चोळत राहिले, तर मोड जुळत नाही. अंथरूण धरलेल्या माणसाला जखमा, न्यूमोनिया आणि अनेकदा मृत्यू गाठतो.

२१/२६
तिसरा धोका उघड्या मोडीचा, म्हणजे हाडाने कातडी फाडलेल्या जखमेचा. १८६५ साली ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय सापडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या अशा जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी वापरली आणि पाय वाचवला. त्याआधी अशा मोडीत पाय कापणे हाच बहुधा मार्ग असे. अशा जखमेवर माती, शेण किंवा अस्वच्छ लेप लावणे म्हणजे धनुर्वाताला आणि सडण्याला वाट करून देणे.

२२/२६
न्यायाने सांगायचे तर दोष केवळ कामट्यांचा नाही. डच लष्करी शल्यचिकित्सक अँटोनियस मॅथाइसेन यांनी १८५२ साली प्रसिद्ध केलेली प्लॅस्टरची पट्टी आवळली तरी हाताचे तेच होते. फरक व्यवस्थेत आहे. रुग्णालयात ताज्या सुजेवर अर्धेच प्लॅस्टर घालतात, बोटे उघडी ठेवतात, दुसऱ्या दिवशी तपासायला बोलावतात, आणि बिघडलेच तर दाब मोकळा करण्याची शस्त्रक्रिया करता येते. हाडवैद्याकडे चूक झाल्यानंतरची पायरीच नसते.

२३/२६
इंग्लंडातही हाडे बसवणाऱ्यांची घराणी होती. १८६७ साली सर जेम्स पॅजेट यांनी डॉक्टरांना बजावले की या लोकांच्या हातून बरे होणारे रोगी पाहा, त्यांच्याकडून चांगले ते शिका आणि वाईट ते टाळा. वेल्समधील अशाच घराण्यातील इव्हान थॉमस लिव्हरपूलला स्थायिक झाले. त्यांनी आपल्या मुलांना वैद्यकीय शिक्षण दिले. त्यांतील ह्यू ओवेन थॉमस यांनी घराण्याचा हात आणि शरीरशास्त्र एकत्र आणले. त्यांचा थॉमस स्प्लिंट पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेल्या असंख्य सैनिकांच्या कामी आला.

२४/२६
भारतात ही गाठ पडली नाही. मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. १९३८ च्या कायद्याने आयुर्वेद व युनानी चिकित्सकांच्या नोंदणीची तरतूद केली. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाच्या कलम ३३ ने नोंदणीविना व्यवसायाला मनाई केली. पारंपरिक वैद्यांना पात्रतेविना व्यवसाय करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात १३ एप्रिल २०१८ रोजी स्पष्ट केले. हाडवैद्य कायद्याबाहेर गेला. वाडीतून मात्र गेला नाही.

२५/२६
केवळ बंदीने प्रश्न सुटत नाही, हे आफ्रिकेतील अनुभवातून दिसते. नायजेरिया व इथिओपियात घट्ट बांधणीमुळे अवयव सडण्याचे प्रमाण इतके की वैद्यकीय लिखाणात त्याला ‘हाडवैद्याचा गँगरीन’ असे स्वतंत्र नावच पडले. इथिओपियात डॉक्टरांनी हाडवैद्यांना बोलावून पट्टी कशी बांधू नये, बोटे कशी तपासावीत आणि कोणता रोगी लगेच पुढे पाठवावा, एवढेच शिकवले. त्यानंतर हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रिया घटल्याची नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली. सुश्रुताचा ‘मध्यम बंध’ तेथे वेगळ्या वाटेने परतला.

२६/२६
आज पेंडूर-कट्टा येथे ग्रामीण रुग्णालय आहे, ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, आणि गंभीर रोग्याला सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळीला नेण्याची वहिवाट घराघराला ठाऊक आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. डोली आणि बंद पडणाऱ्या बोटीचा काळ सरला. मोडलेला अवयव आहे त्या स्थितीत फळी, काठी किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्राचा सैल आधार देऊन, न चोळता, न ताणता, हलवावा. बांगड्या, अंगठ्या आधी काढाव्यात. आजोबांच्या पिढीने हाडवैद्याकडे जाणे ही त्यांची अडचण होती. ती अडचण संपल्यावरही पट्टी आवळून सकाळची वाट पाहिली जाते, तेव्हा सोसावे लागते ते बहुधा एखाद्या मुलाला, आणि त्या निर्णयात त्याचे मत कोणी विचारलेले नसते.